पाडकामाच्या लाकडातून पहिले बाकडे

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागातील आमच्या घराच्या तळमजल्यात चार दिवस पाणी होते. पाणी ओसरल्यावर दार उघडले, तेव्हा प्लायवूडचे कपाट फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते आणि हात लावताच त्याचा एक कोपरा निखळून हातात आला. आजोबांनी बसवलेली सागवानी कवाडे मात्र गाळाने माखलेली असली, तरी जागच्या जागी उभी होती. ती धुऊन, सावलीत वाळवून पुन्हा चढवली, तेव्हा एक कवाड उंबऱ्याला किंचित घासत होते, याखेरीज काहीही बिघडले नव्हते. त्यानंतरच्या वर्षी मी जुन्या लाकडाची पहिली वस्तू केली. त्यात ज्या चुका झाल्या, त्या नव्याने सुरुवात करणाऱ्यांना टाळता याव्यात, म्हणून हे मार्गदर्शन लिहिले आहे.

पहिली वस्तू म्हणून चार फुटी बाकडे निवडावे. त्यात खण नाही, कवाड नाही, सरकणारा किंवा बिजागरीवर फिरणारा एकही भाग नाही, त्यामुळे सूतभर चूक झाली तरी बसणाऱ्याला ती कळत नाही. कपाट किंवा टेबलाचा खण पहिल्याच खेपेला करायला घेणाऱ्यांची जिद्द मी समजू शकतो. मात्र पावसाळ्यात न उघडणारा खण घरात कायमचा टोमणा होऊन बसतो. बाकड्याचे प्रत्यक्ष काम चार-पाच रविवारांचे आहे, लाकूड वाळण्याचा काळ त्याहून बराच मोठा.

लाकूड कोठे मिळते

सांगली, मिरज, तासगाव, वाई, सातारा या गावांच्या जुन्या पेठांमध्ये वाडे उतरवून तेथे इमारती बांधण्याचे काम सतत चालू असते. वाडा उतरवणारे ठेकेदार तुळया, खांब, कड्या, वासे, चौकटी आणि कवाडे जुन्या लाकडाच्या वखारीत देतात. तेथे मोठ्या तुळया आणि नक्षीचे खांब लगेच उचलले जातात, कारण त्यांना हॉटेलवाले आणि बंगलेवाले गिऱ्हाईक असते. पण कडीपाटाच्या (जुन्या लाकडी छताच्या) फळ्या, तुटक्या चौकटी आणि तीन-चार फुटी तुकडे कोपऱ्यात पडून राहतात. बाकड्यासाठी आपल्याला नेमके तेच हवे असतात, म्हणून वखारीत गेल्यावर दर्शनी ढिगाऐवजी मागचा ढीग पाहावा.

दुसरा स्रोत औद्योगिक वसाहतींचा आहे. कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत यंत्रे आणि सुटे भाग ज्या लाकडी पॅलेटवर येतात, ती भंगारवाल्यांकडे स्वस्तात मिळतात. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह आणि काही अक्षरे डागलेली असतात. त्यांत ‘एचटी’ असेल तर ते लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले असते, म्हणजे त्याच्या गाभ्याचे तापमान किमान ३० मिनिटे ५६ अंश सेल्सिअसवर ठेवलेले असते. असे लाकूड घरात वापरता येते. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते घेऊ नये. ज्यावर तेलाचे किंवा रसायनाचे डाग आहेत, असे पॅलेटही शिक्का कोणताही असला तरी सोडून द्यावे. पॅलेटचे लाकूड बहुधा पाइनचे, मऊ आणि हलके असते. त्यावर हात बसवायला ते चांगले आहे. पण रोज वापरायच्या बाकड्याची बैठक त्यातून करू नये, असे माझे मत आहे.

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मिरजेसारख्या जंक्शनच्या गावात अधूनमधून विकायला येतात आणि त्यांची जाडी पाहून मोह होतो. ते टिकावेत म्हणून त्यांत क्रिओसोट नावाचे डांबरापासून काढलेले तेल मुरवलेले असते. काळपट रंग आणि उन्हात येणारा उग्र वास ही त्याची खूण आहे. असे लाकूड घरात आणू नये, कापू नये आणि त्याचे तुकडे चुलीतही घालू नयेत.

लाकूड कोणाकडूनही घेतले, तरी पावती घ्यावी किंवा निदान घरमालकाची सही असलेली चिठ्ठी घ्यावी. सागवान आणि शिसव यांच्या वाहतुकीवर वन विभागाचे नियम आहेत, त्यामुळे टेम्पोभर माल दुसऱ्या तालुक्यातून आणायचा असेल, तर आधी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात विचारून घेणे शहाणपणाचे ठरते.

पारख

जुन्या लाकडावर धूर, धूळ, चुना आणि रंग यांचे इतके थर असतात की वरून सगळे एकसारखे काळे दिसते. वखारवाल्याची परवानगी घेऊन एका कोपऱ्यावर रंध्याचे दोन हात मारावेत किंवा चाकूने बोटभर जागा खरवडावी. सागवान असेल तर आतून सोनेरी तपकिरी रंग निघतो, बोटाला किंचित तेलकट लागते आणि कोऱ्या चामड्यासारखा वास येतो. ऐंशी वर्षे तुळई म्हणून राहिलेल्या लाकडातूनही तो वास पहिल्या हाताला येतो. हे मी जेव्हा प्रथम अनुभवले, तेव्हा वखारीतच पाच मिनिटे तो काप नाकाशी धरून उभा होतो आणि वखारवाला माझ्याकडे पाहून हसत होता. शिसव जांभळट काळे आणि जड असते. बाभूळ तांबूस, फार कठीण आणि जड. बैलगाडीची चाके आणि औते त्याचीच होत असत. आंब्याचे लाकूड फिकट असते आणि त्याला कीड लवकर लागते.

जत, आटपाडी, खटाव, माण या कोरड्या भागांतील माळवदी घरांत बाभूळ आणि कडुनिंब अधिक सापडतात, तर पाटण, जावळीकडच्या घरांत ऐन, जांभूळ आणि फणस. यांपैकी कोणतेही लाकूड बाकड्याला चालते. सागवानाचा हट्ट धरू नये, मात्र एका बाकड्यात शक्यतो एकाच जातीचे लाकूड वापरावे, कारण प्रत्येक जात पावसाळ्यात वेगवेगळ्या प्रमाणात फुगते.

जात कळली की दोष पाहावेत. टोकाला आणि कडांना पेचकसाचे टोक दाबून पाहावे. ते सहज आत शिरले तर ते लाकूड कुजलेले आहे. मातीच्या नळ्या असतील तर वाळवी येऊन गेलेली आहे. टाचणीच्या डोक्याएवढी भोके आणि खाली पिठासारखा भुसा असेल, तर आत भुंगेरे आहेत. भुसा ताजा आणि पांढरट असेल तर ते अजून जिवंत आहेत. भोके जुनी, काळवंडलेली आणि फक्त कडेच्या फिकट पट्ट्यात असतील, तर घाबरण्याचे कारण नाही. झाडाच्या सालीलगतचे फिकट लाकूड कीड आवडीने खाते, आणि सागवानाचा टिकाऊपणा असतो तो गाभ्याच्या तपकिरी लाकडात. तेवढी फिकट कड कापून टाकली की उरलेले लाकूड निर्धोक असते.

मोजणी वखारीत घनफुटावर होते, ती स्वतः करता यावी. रुंदी इंचात, जाडी इंचात आणि लांबी फुटांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला १४४ ने भागावे. सहा इंच रुंद, सहा इंच जाड आणि आठ फूट लांब तुळई म्हणजे बरोबर दोन घनफूट. वाळलेले सागवान घनफुटाला सुमारे १८ किलो भरते, म्हणजे ही तुळई ३६ किलोंच्या आसपास जाईल आणि ती एकट्याने खांद्यावर घेऊ नये. आपल्या बाकड्यात तयार लाकूड पाऊण घनफुटाच्या जवळपास जाते. परंतु जुन्या लाकडात भोके, चिरा आणि कुजक्या कडा वगळाव्या लागतात, म्हणून सव्वा ते दीड घनफूट घ्यावे.

खिळे

आमची पहिली तुळई मी वरवर पाहून, दिसले तेवढे खिळे काढून, चिरून घ्यायला लाकूड कटाईच्या गिरणीत नेली. तिसऱ्या फुटावर करकर आवाज झाला, ठिणग्या उडाल्या आणि करवतीचे पाते गेले. लाकडाच्या आत डोके तुटलेला एक चौकोनी घडीव खिळा होता. गिरणीवाल्याने पात्याचे पैसे लावले, ते रास्तच होते. पण त्या पैशांत माझे सगळे बाकडे झाले असते. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याच्या चारही बाजूंवरून जाड लोहचुंबक दोऱ्याला बांधून हळूहळू फिरवल्याशिवाय मी त्याला करवत लावत नाही. जेथे चुंबक ओढला जातो तेथे खडूने गोल करावा. लाकडावर निळसर काळा डाग दिसला तरी संशय धरावा, कारण लाकडातील टॅनिन आणि लोखंड यांचा संयोग झाला की असा डाग पडतो.

गंजलेला खिळा सरळ उपटायला गेले की डोके तुटते. त्यावर उपाय असा, की उपटण्यापूर्वी खिळ्याला हातोडीचा एक हलका ठोका देऊन तो केसभर आत बसवावा. गंजामुळे लाकडाने धरलेली पकड या ठोक्याने सुटते. मग खिळ्याभोवती पटाशीने (सपाट धारेच्या छिन्नीने) थोडी जागा करून अंबुराने (खिळे उपटण्याच्या पकडीने) त्याची मान पकडावी, अंबुराखाली लाकडाची चिपळी ठेवावी आणि एका झटक्यात न ओढता उजवीकडे, डावीकडे असे थोडे थोडे सोडवत आणावे. खिळा निघताना ‘कुई’ असा आवाज येतो. तो आला की काम बरोबर चालले आहे असे समजावे. डोके तुटलेच तर उलट्या बाजूने टोक दिसते का पाहावे आणि लोखंडी ठोकणीने तो मागे ढकलावा. तेही जमले नाही, तर खिळ्याच्या कडेने बारीक भोके पाडून तो लाकडासकट काढावा आणि भोकात त्याच लाकडाची खुंटी ठोकावी. या कामाला डोळ्यांवर गॉगल आणि हातात कातडी मोजे हवेत, पायांत चप्पल नको, आणि धनुर्वाताची लस घेऊन बरीच वर्षे झाली असतील तर ती आधी घेऊन ठेवावी.

रंग आणि माती

कवाडांवर आणि चौकटींवर तेलरंगाचे अनेक थर असतात. जुन्या तेलरंगांत शिसे मोठ्या प्रमाणात असे. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भागांची) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये आणि ज्योतीने जाळून तर मुळीच काढू नये, कारण त्याची धूळ आणि धूर दोन्ही अंगात जातात. अंगणात जुने प्लॅस्टिक अंथरून, रंग काढण्याचे रसायन लावून, तो फुगला की खरवडणीने काढावा, उरलेला भाग ओल्या पॉलिश पेपरने घासावा आणि निघालेला लगदा पिशवीत बांधून टाकावा. या वेळी लहान मुले आणि गरोदर स्त्रिया जवळ नसाव्यात. खरे तर नवशिक्याने रंगवलेले लाकूड घेऊच नये. कडीपाटाच्या वरच्या बाजूच्या फळ्यांवर फक्त धूळ आणि माती असते, ती तारेच्या ब्रशने निघते.

पुरात भिजलेल्या लाकडाची गोष्ट वेगळी आहे. कृष्णेचा गाळ इतका बारीक असतो की तो लाकडाच्या रंध्रांत आणि चिरांत जाऊन बसतो, आणि वाळल्यावर रंध्याची धार पाच मिनिटांत घालवतो. असे लाकूड ओले असतानाच भरपूर पाण्याने आणि ताठ ब्रशने रेषेच्या दिशेने घासून धुवावे. गाळ वाळल्यानंतर तेच काम दुप्पट होते.

वाळवणे

घराच्या आत वर्षानुवर्षे असलेले लाकूड आपल्या हवेला सरावलेले असते. पण वखारीत ते उघड्यावर पडलेले असेल, तर किमान तीन-चार आठवडे, आणि पुरात भिजलेले जाड लाकूड असेल तर काही महिने वाळवावे लागते. सावलीत, वारा खेळत्या जागी, विटांवर लाकूड जमिनीपासून उचलून रचावे. प्रत्येक थरामध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या आडव्या ठेवाव्यात आणि या पट्ट्या एकावर एक नेमक्या रेषेत याव्यात, नाहीतर फळ्यांना बाक येतो. ओल्या तुकड्यांच्या दोन्ही टोकांना मेण किंवा रंग फासावा, कारण टोकांतून पाणी लवकर उडते आणि टोके फाटतात. उन्हात लाकूड ठेवण्याची घाई कोणी करू नये; चैत्राच्या उन्हात आठ दिवसांत फळी नावेसारखी वाकलेली मी पाहिली आहे.

लाकूड वाळले की नाही, हे ओलावा मोजण्याच्या उपकरणाशिवायही कळते. त्याच ढिगातील फूटभर तुकडा निवडून दर रविवारी तो स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर तोलावा आणि वजन त्याच तुकड्यावर पेन्सिलीने लिहावे. वजन उतरत जाते, मग उतरणे मंद होते, आणि लागोपाठ दोन-तीन आठवडे ते तेवढेच भरले की लाकूड वाळले. ही परीक्षा दिवाळीपासून मेपर्यंत खरी. पावसाळ्यात वाळलेले लाकूडही हवेतील ओल पिऊन वजन वाढवते. मिरजेच्या ज्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांचे कारागीरही लाकडाच्या वाळण्याबाबत घाई करत नाहीत. मग आपण नवशिक्यांनी का करावी?

भुंगेऱ्यांचा संशय असलेल्या लाकडाला याच काळात उपचार करावा. एक भाग बोरिक ॲसिड आणि दीड भाग बोरॅक्स कोमट पाण्यात विरघळवून त्याचे पाच-सहा टक्क्यांचे द्रावण करावे आणि ब्रशने दोन-तीनदा भरपूर लावावे. रॉकेल किंवा डिझेल फासण्याची पद्धत गावोगाव आहे; पण त्याचा वास बैठकीच्या खोलीतून महिनोन्‌महिने जात नाही, पुढे पॉलिश धरत नाही आणि ते ज्वालाग्राही असते, म्हणून ती टाळावी.

माप आधी लाकडाला विचारावे

नवीन लाकडात आधी आराखडा ठरतो आणि मग लाकूड आणले जाते. येथे उलट करावे लागते. सर्व तुकडे अंगणात ओळीने मांडावेत, प्रत्येकाची भोके, चिरा आणि बाक खडूने दाखवावेत, आणि निर्दोष लांबी किती उरते ते प्रत्येकावर लिहावे. खाली दिलेली मापे म्हणूनच आदर्श मानावीत, हट्ट मानू नयेत. फळी सव्वापाच इंचच निघत असेल तर बाकडे अर्धा इंच अरुंद करावे, पण कुजकी कड ठेवून माप पुरे करू नये.

बाकड्याची एकूण उंची १७ इंच, बैठक ४८ इंच लांब आणि ११ इंच रुंद. बैठकीसाठी साडेपाच इंच रुंद, दीड इंच जाड अशा दोन फळ्या लागतात. एक इंची फळीवरही बाकडे होते, परंतु माणूस मधोमध बसला की ती लवते. पाय चार, प्रत्येकी दोन इंच चौरस आणि साडेपंधरा इंच उंच. जुन्या वाशातून किंवा चौकटीतून ते चांगले निघतात. आडव्या पट्ट्या चार, तीन इंच रुंद, एक इंच जाड आणि दहा इंच लांब. या पट्ट्यांनी दोन-दोन पाय जोडून दोन चौकटी होतात. दोन्ही चौकटींना जोडणारी लांब पट्टी एकच, तीन इंच रुंद, सव्वा इंच जाड आणि ४१ इंच लांब. बैठकीखाली मधोमध जाणारी दहा इंची छोटी पट्टी एक. सर्व मापे तयार लाकडाची आहेत. कापताना प्रत्येक बाजूला एक-दोन सूत रंध्यासाठी सोडावे. सुतारांच्या बोलीत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि वखारीपासून हार्डवेअरच्या दुकानापर्यंत याच भाषेत बोलले जाते, म्हणून ती अंगवळणी पाडून घ्यावी.

हत्यारे फार नकोत. एक बारीक दातांची करवत, एक लोखंडी रंधा, अर्धा आणि एक इंची पटाशी, लाकडी मोगरी, गुण्या (काटकोन तपासण्याचे हत्यार), मोजपट्टी, ड्रिल मशीन किंवा गिरमिट, अंबूर, गोल कानस आणि दोन-चार क्लॅम्प पुरतात. धार लावण्याचा दगड मात्र चांगला घ्यावा. बोथट पटाशीला जोर जास्त लागतो, जोर लावला की ती निसटते, आणि जखमा बहुतेक अशाच होतात.

रंधणे आणि कापणे

प्रत्येक तुकड्याची आधी एक बाजू सपाट करावी, तिला खूण करावी, मग तिच्याशी गुण्यात लगतची कड करावी, आणि पुढची सगळी मापे या दोन बाजूंवरूनच घ्यावीत. रंधा लाकडाच्या रेषेबरोबर चालवावा. कापांच्या लांब गुंडाळ्या निघत असतील तर दिशा बरोबर आहे. लाकूड उचकटत असेल, टवके निघत असतील, तर तुकडा फिरवून उलट बाजूने रंधावे. जुन्या तुळईत गाठीपाशी रेषा मध्येच दिशा बदलतात, तेथे रंध्याचे पाते अगदी थोडे बाहेर ठेवून तिरके चालवावे. सागवानाची धूळ नाकाला आणि कातडीला त्रास देते, त्यामुळे नाकावर मास्क असावा. जुना काळा थर सगळा घालवण्याचा अट्टहास करू नये. बसण्याच्या बाजूला गुळगुळीतपणा हवा, पण फळीच्या खालच्या अंगाला जुन्या वाकसाचे (लाकूड तासण्याच्या कुऱ्हाडीसारख्या हत्याराचे) घाव राहू दिले, तर बिघडत काही नाही आणि ते लाकूड कोठून आले हे समजते.

सांधे

चौकटीचा सांधा सोपा आहे. पायाच्या बाहेरच्या अंगाला, वरच्या टोकाशी, तीन इंच उंच आणि एक इंच खोल खाच पाडावी, म्हणजे एक इंच जाडीची आडवी पट्टी तिच्यात पायाशी समपातळीत बसते. तशीच दुसरी खाच जमिनीपासून पाच इंचांवर पाडावी. खाचेच्या दोन्ही कडा करवतीने रेघेच्या आतल्या बाजूने कापाव्यात, मधल्या भागातही दोन-तीन काप घ्यावेत, आणि मग पटाशीने तुकडे उडवून तळ सपाट करावा. पट्टी हाताच्या दाबाने आणि मोगरीच्या एक-दोन ठोक्यांनी बसली पाहिजे. नुसती घालताच पडली तर सांधा सैल आहे, आणि हातोडा हाणावा लागला तर पाय फाटेल. असे दोन पाय आणि दोन पट्ट्या मिळून एक चौकट होते.

लांब पट्टीसाठी कुसू काढावे लागते, म्हणजे पट्टीच्या टोकाला तिच्याच लाकडाची अरुंद जीभ कोरायची आणि समोरच्या पट्टीला तिच्या मापाचे आरपार भोक पाडायचे. खालच्या आडव्या पट्टीच्या मधोमध दीड इंच उंच आणि पाऊण इंच रुंद भोक घ्यावे. लांब पट्टीच्या दोन्ही टोकांना त्याच मापाचे, साडेतीन इंच लांब कुसू काढावे. त्यातील एक इंच आडव्या पट्टीच्या जाडीत जातो आणि अडीच इंच बाहेर राहतो. दोन कुसवांमधील पट्टी ३४ इंच राहते, आणि दोन्ही चौकटींच्या बाहेरच्या बाजूंमधील अंतर ३६ इंच येते. बाहेर आलेल्या भागात वरून खाली तीन सूत रुंद आणि एक इंच लांब भोक पाडायचे आणि त्यात पाचर ठोकायची. येथे एकच गोष्ट विसरू नये: पाचरीच्या भोकाची आतली कड आडव्या पट्टीच्या बाहेरील पृष्ठभागापासून एक सूत आत असावी. तसे असेल तरच पाचर खाली जाताना लांब पट्टीला ओढून घट्ट बसते. भोक बरोबर पृष्ठभागावर असेल तर पाचर कुसवातच अडकून राहते आणि बाकडे हलतच राहते. माझ्या पहिल्या बाकड्यात हेच झाले होते.

पाचर बाभळीसारख्या कठीण लाकडाची करावी आणि तिचा उतार फार तीव्र ठेवू नये. चार इंच लांबीत दोन सूत निमुळती पुरे.

जोडणी

सगळे भाग आधी सरस न लावता जोडून पाहावेत, सपाट फरशीवर ठेवावेत आणि चारही पाय टेकतात का हे बघावे. मग चौकटी सुट्या करून खाचांत फेविकॉलसारखा पांढरा सरस लावावा. सरस मळक्या किंवा धुरकट पृष्ठभागाला धरत नाही, म्हणून सांध्याच्या जागा रंधलेल्या आणि ताज्या असाव्यात. सागवान तेलकट असल्याने सरस लावण्यापूर्वी त्या स्पिरिटच्या फडक्याने पुसाव्यात. क्लॅम्प लावून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्णांची लांबी मोजावी. दोन्ही सारखी असतील तर चौकट गुण्यात आहे. २४ तास क्लॅम्प काढू नयेत. लांब पट्टीच्या कुसवाला सरस लावू नये, तेथे पाचर पुरेशी आहे, आणि घर बदलताना बाकडे सुटे करता येते.

बैठकीच्या दोन फळ्या शेजारी ठेवताना मध्ये एक सूत फट सोडावी. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. फट नसेल तर दोन फळ्या एकमेकींना ढकलून वर उचलल्या जातात. स्क्रू वरच्या आडव्या पट्टीच्या खालून घ्यावेत. पट्टी तीन इंच उंच असल्याने खालून अर्धा इंच रुंद आणि पावणेदोन इंच खोल भोक घ्यावे, आणि त्यातून दोन इंची स्क्रू वर घालावा. तो उरलेली सव्वा इंच पट्टी ओलांडून फळीत पाऊण इंच शिरतो. प्रत्येक फळीला प्रत्येक पट्टीत दोन स्क्रू द्यावेत. बाहेरच्या कडेजवळचे भोक नेमक्या मापाचे, आणि फटीजवळचे भोक गोल कानशीने फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट करावे, म्हणजे फळीला फटीकडे सरकायला वाव राहतो. मधल्या छोट्या पट्टीलाही हाच नियम. जुने सागवान कठीण असते, त्यामुळे फळीत आधी बारीक भोक पाडावे आणि स्क्रूला मेणबत्ती घासून मग तो फिरवावा, नाहीतर त्याचे डोके तुटते.

घासणे आणि पॉलिश

८०, १२० आणि १८० नंबरचे पॉलिश पेपर क्रमाने, रेषेच्या दिशेने वापरावेत आणि बसताना मांडीला लागणाऱ्या कडा गोलसर कराव्यात.

वरचा हात कोणता द्यावा, याबाबत दोन पर्याय आहेत. १५० ग्रॅम चपडा लाख एक लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवून केलेले फ्रेंच पॉलिश फार सुंदर दिसते, पण गरम चहाचा पेला ठेवला की डाग पडतो, आणि दमट हवेत लावले तर ते पांढरे पडते. म्हणून ते पावसाळ्यात लावू नये. बाकड्यासाठी मला उकळलेले जवसाचे तेल अधिक योग्य वाटते. फडक्याने पातळ हात द्यावा, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचे तेल पुसून काढावे, आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने असे तीन हात द्यावेत. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन वाळते, त्यात उष्णता निर्माण होते, आणि गोळा केलेले फडके आपोआप पेटू शकते. ती उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावीत.

पहिला पावसाळा गेल्यावर, दिवाळीच्या सुमारास, बाकडे उलटे करून पाहावे. लाकूड आकसल्याने पाचरी थोड्या सैल झालेल्या असतात. त्यांवर मोगरीचा एकेक ठोका द्यावा, आणि पाचर भोकात फारच खाली गेली असेल तर तिच्या जागी सूतभर जाड नवी पाचर घालावी.